सरांच्या उदाहरणांत आईची वाक्यं

७ जुलै, सोम.
शिकवणीत आज अतिशयोक्ती. सरांचं उदाहरण: दुकानातला पंखा इतका सावकाश फिरतो की माशी त्याच्यावर बसून झोप काढते. सगळे हसले. मीपण. मग एकदम थांबले. हे आईचं वाक्य. नवी पेठेत ती कामाला जाते त्या साड्यांच्या दुकानातला पंखा. काल जेवताना अगदी असंच म्हणाली होती.
सर दुकानात गेले असतील. पण साडी कुणासाठी? एकटेच राहतात.

८ जुलै
आईला विचारलं, सर दुकानात येतात का. "लई जण येतात. कोण ध्यानात ठेवतंय." भाकरी थापत होती, मान वर नाही. एरवी मी काहीही विचारलं की आधी 'का गं' असतं. आज नाही.

११ जुलै, शुक्र.
उपमा. फळ्यावर: ते घर अर्धवट विणून सोडलेल्या चादरीसारखं होतं.
पप्पा चादरीच्या कारखान्यात होते. ते गेले त्या वर्षी आई हे बोलली होती, फक्त मला, अंथरुणात. दुकानात कानावर पडावं असं हे वाक्यच नाही.
कोण सांगेल, सरांनी विचारलं. मीच उठले. उपमेय घर, उपमान चादर, साम्य अपुरेपणाचं, 'सारखं' हा साधर्म्यदर्शक शब्द. "बरोबर" म्हणाले, खिडकीकडे बघत.

१७ जुलै, गुरु.
शाळा सुटल्यावर न सांगता दुकानात गेले. मालक म्हणाले, गुरुवारी ती लवकर जाते की, तुला माहीत नाही?
आई अंधार पडल्यावर आली. आज गिऱ्हाईक लई होतं म्हणाली. मी नुसतं हं केलं.

१८ जुलै
चेतनगुणोक्ती. निर्जीव वस्तू माणसासारखी वागते, असं वाक्य लिहा. मी लिहिलं: आमच्या दाराची कडी गुरुवारी खोटं बोलते.
सरांनी सगळ्यांची वाक्यं मोठ्यानं वाचली, माझं नाही. सुटल्यावर मला थांबवलं. आईशी बोललीस का म्हणे. काय बोलायचं असतं, मी विचारलं. तर ते तिनंच सांगायला हवं म्हणाले. मग मी चादरीचं विचारलं.
"तिनंच सांगितलं. मी ते वर्गात घ्यायला नको होतं."
सात रस्ता चौकापर्यंत नीट चालत आले. पुढे मात्र...

२० जुलै, रवि.
आई धुतलेले कपडे घेऊन शेजारी बसली. उपमा आणि रूपकात फरक काय गं, विचारलं. हिला कधीपासून ह्याची गरज. सांगितलं, उपमेत 'सारखं' म्हणतात, रूपकात तेच आहे म्हणतात.
ओढणीची घडी घालत म्हणाली, "मी रूपक मागत नाही तुझ्याकडं. वडिलांसारखे, एवढं चालेल का? नको म्हणालीस तर तिथंच सोडते."
'तिथंच सोडते' तिचंच. आवाज फाटला होता. पण आधीचं वाक्य? तिला सुचलं, की सरांनी पढवलं?
मी वही ओढून हे लिहीत बसलेय. ती समोरच आहे. एकच ओढणी, घडी घालते, मोडते, परत घालते.