मागच्या खोलीची खिडकी

३ मे, शनिवार

इतकी वर्षं बसमधून बघायचे, आज आत गेले! ऑफिसातल्या मेई लिंगने इथल्या सेम्बावांग भागातला एक जुना बंगला भाड्याने घेतलाय. इंग्रजांनी आरमारातल्या साहेबांसाठी बांधलेला. पांढऱ्या भिंती, काळं लाकूड. आणि व्हरांडा केवढा — आमचा अख्खा फ्लॅट मावेल! एसी नाही, तरी वारा या दारातून शिरतो, त्या दारातून निघतो. मी इंजिनिअर, घरात वारा कसा खेळवायचा ते शिकलेय. पण तिथे नुसती आ वासून उभी राहिले.

प्रबोध म्हणाला, "बायको बंगल्याच्या प्रेमात पडली वाटतं." पडलेच!

६ मे

आईने आजही विचारलं, "माझ्या परतीच्या तिकिटाची तारीख काय गं?" बाबा गेल्यावर नागपुरात तिचं कोण आहे? इथेच राहा, लांब मुक्कामाचा पास काढू म्हटलं की "बघू" म्हणते. तिला इथे कमी काय आहे, तेच कळत नाही. स्वयंपाकघराला लागून असलेली शेल्टरची खोली — बॉम्बहल्ला झाला तर लपायला इथल्या फ्लॅटांत असते ती — तिच्यासाठी रिकामी केली, पंखाही लावला. पुढच्या खोलीत माझं ऑफिस, नाइलाज आहे.

ती गेली तर मला करमायचं नाही.

८ मे

परत तारीख विचारली. चिडले मी.

१० मे, शनिवार

आईला बंगला दाखवायला नेलं. मी कौतुकाने उंच छत दाखवतेय, वळून बघते तर आई गायब! कुणाकडेही गेली की आधी चुलीपाशी जायची तिची सवय. पण इथे स्वयंपाकघर मुख्य घरात नाहीच — साहेबाला धूर नको, वास नको! ते मागे, छप्पर घातलेल्या वाटेने जायचं. शेजारी नोकरांच्या खोल्यांची रांग. त्यातल्या एकीच्या उंबऱ्यावर आई निवांत बसलेली.

मेई लिंग ओशाळली. "आंटी, नॉट हिअर लाह! दिस वन सर्व्हंट्स रूम!"

मी मराठीत सांगितलं. आई हसली. "असू दे गं. माझ्या खोलीपेक्षा बरी आहे. हिला खिडकी आहे."

सहज म्हणाली. टोमणे मारणं तिच्या स्वभावात नाही, म्हणूनच फार लागलं. मग व्हरांड्यात चहा झाला. वारा तसाच सुरेख येत होता. 

११ मे

माझं टेबल शेल्टरमध्ये, आईचा पलंग पुढच्या खोलीत. तासभर काम केलं, घामाने निथळले.

आईने आधी खिडकी उघडली. आज तारीख विचारली नाही.