यादवच्या स्थळाची चौकशी

सातपूर, नाशिक
२२ फेब्रुवारी १९७९

ती. सिंधूअक्कास,

धाकट्या नाथाचा नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत. दाजींचा खोकला उतरला का? विंचूरला यंदा कांद्याला भाव बरा आहे म्हणतात.

सुलाला आलेल्या स्थळाबद्दल तू विचारलंस. हो, यादव आमच्याच कारखान्यात, माझ्या शेजारच्या लेथ मशीनवर होता. दारू नाही, विडी नाही. पण अक्का, पोरगा कामाला लय मंद! मी एकदा शाफ्ट कातायला लागलो की टूल किंचाळेपर्यंत मशीन थांबवत नाही. हा मात्र चार शाफ्ट झाले की मशीन बंद करणार, टूल काढणार आणि चालला धार लावायला. मी म्हणायचो, "काय रे, टूल लावतोस की नवरी नटवतोस?" तर म्हणतो कसा, "नाथाभाऊ, धार गेली की टूल कापत नाही, ओरबाडतं." मला शिकवतो! टूल धरायला मीच शिकवलं त्याला.

आता त्याचे शाफ्ट आरशासारखे दिसतात, हे खरं. माझ्या शाफ्टांवर रेघा उठतात, बोट फिरवलं की खरखर लागते. मागच्या महिन्यात माझा सगळा ढीग साहेबांनी परत पाठवला. आणि ज्या नव्या मशीनवर माझा कधीपासून डोळा होता, ते दिलं यादवला. पहिला पेढा त्याने मला दिला, वर पाया पडला. माझ्या जिवाची नुसती आग आग झाली.

मुलगा धड नाही, नाद सोडा, असंच तुला कळवणार होतो. तसं लिहिलंही होतं. बायकोने वाचलं आणि म्हणाली, "तुमचा राग सुलाच्या कपाळी कशाला मारता?" मग फाडलं.

मशीन त्याला, शाबासकी त्याला, आता भाचीसुद्धा त्यालाच! जळतो मी अक्का, खोटं कशाला बोलू? पण तू भरवशाने विचारलंस म्हणून सांगतो. याच्यापेक्षा चांगलं स्थळ शोधून मिळायचं नाही. हो म्हणून टाक.

फक्त एक ऐक. सुलाचा हात धरून तिला मंडपात मीच आणणार, दाजींच्या चुलतभावाला पुढे करू नकोस. तो मान मामाचा. आणि मी सावकाश येणार आहे. उभा राहू दे त्याला बोहल्यावर, माझ्या वाटेकडे डोळे लावून.

तुझा भाऊ, आणि आता त्या यादवचा मामेसासरा,
नाथा