मांड्यांचा मान

प्रिय जिजी,

आखाजीच्या सणाला माहेरी आलेय. आत्ता दारात जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय तुझ्या या लेकीच्या घशाखाली घास उतरायचा नाही. अगं, किळस आली मला!

तू गेल्यानंतरची ही पहिलीच आखाजी. आम्ही तुझ्या नावाची घागर भरत होतो, आणि शेजारची मंगलमावशी पुरणाचं पातेलं घेऊन हजर! सातवा महिना लागलेल्या तुझ्या सुनेला म्हणते, "सासूनी शिकाडं व्हई ना तुले? आमना बी मांडा टाकी दे!" मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे कसे असतात, ते आज पाहिलं.

गल्लीत लग्न कुणाचंही असो, चुलीवरच्या उलट्या खापरापुढे तूच. मांडा हातावर खेळवून खापरावर टाकताना कोपरापर्यंत चटके बसायचे तुला. आणि त्या बायका? "तुन्हा हातना मांडासनी चवच येगळी शे, जिजी!" असं म्हणत तुला हरभऱ्याच्या झाडावर चढवायच्या आणि स्वतः सावलीत जाऊन बसायच्या.

मांडे करायला एकमेकींकडे जायचं, ही तर आपली रीत ना? मग दादाच्या लग्नात चुलीपुढे तू एकटी कशी? सगळ्या आल्या, पण थेट पंगतीला! मी चिडले, तर तू मलाच गप्प केलंस. "बलावतस ना पोरी, हाऊ मान शे."

कसला मान! याला गैरफायदा म्हणतात, जिजी. फायदा सगळेच घेतात. तुझ्याकडून शिवण शिकले, तो मीही घेतला. पण समोरच्याला 'नाही' म्हणता येत नाही हे ओळखून जो घेतात, तो गैर. हे तुला खरंच कळत नव्हतं का गं?

तू अंथरुणाला खिळलीस, तेव्हा यांतली एक तरी वाटीभर खिचडी घेऊन आली? गरज सरो, वैद्य मरो!

आज मी 'गैरफायदा' हा शब्द मावशीच्या तोंडावर उच्चारला. "आमी तं तिले मान देत व्हतूत!" म्हणत ती पातेल्यासकट फणकाऱ्याने निघून गेली. वहिनी मात्र कावरीबावरी. हळूच म्हणाली, "ताई, त्यांना वाईट वाटलं असेल हो. दोनच टाकून देऊ का?"

अगदी तुझा चेहरा, जिजी.

म्हणून तुला शब्द देते. वहिनी स्वतःच्या तोंडाने, मान वर करून 'नाही' म्हणेपर्यंत मी तिचा पिच्छा सोडणार नाही. या घराने एक जिजी दिली, तेवढं पुरे झालं.

तुझी तोंडाळ लेक,
आशा