गुडघे टेकले होते का, बाबूजी?

बाबूजी,

मी सायकल घेतली. या वयात, हो. जाड टायरची, पुढच्या चाकाला शॉकअप असलेली, डोंगरात चालवायची. डोक्यावर हेल्मेट, आणि खाली इतकी घट्ट चड्डी की पहिल्या दिवशी गल्लीतून निघताना मी वरून जुनी पॅन्ट चढवली होती. तुम्ही पाहिलं असतं तर हसला असता की गप्प राहिला असता, हे मला ठरवता येत नाही. तुमच्याबद्दल सध्या मला बरंच काही ठरवता येत नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

झालं असं, की माझी नोकरी संपली आणि त्याच सुमारास मुलीला बाळ झालं. तिची आई बाळासाठी पुण्याला गेली ती तिकडचीच झाली. डॉक्टर म्हणाले, हातपाय हलवत राहा. यवतमाळातल्या एका सायकलच्या दुकानात मी उगाच किमती विचारत उभा होतो, तर शेजारी ब्रेक बदलून घेणारा एक उंच माणूस म्हणाला, "दादा, शनिवारी सकाळी आमच्यासंगं चला. जुनी एक सायकल हाय आपल्याजवळ, ती देतो." मी गेलो. सातआठ पुरुष होते. कोणी वेल्डिंग करणारा, कोणी शाळेत शिकवणारा. दारव्ह्याच्या रस्त्यानं थोडं जाऊन आम्ही सागाच्या जंगलातल्या कच्च्या वाटेला लागलो आणि वर पठारावर पोचेपर्यंत माझा जीव मेटाकुटीला आला. तिथे सगळ्यांनी सायकली आडव्या केल्या, पाणी प्यायले, आणि त्या उंच माणसानं पाठीवरच्या पिशवीतून बायबल काढलं. तेव्हा मला कळलं की तो पास्टर आहे आणि ही मंडळी एकाच चर्चची आहेत. एकानं थोडं वाचलं. मग एकेक जण मनातलं बोलायला लागला. वेल्डिंगवाला म्हणाला, त्याचा भाऊ त्याच्याशी बोलत नाही, आणि बोलता बोलता रडला. भर उन्हात, दुसऱ्या पुरुषांसमोर. शेजारच्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मी चेन बघायच्या निमित्तानं खाली वाकून राहिलो. पास्टर म्हणाले, "तुम्ही नुसते बसा, दादा. तुम्हाले काही म्हनायची गरज नाही."

मी बसलो, आणि मला तुम्ही आठवलात. मिशनच्या दवाखान्यात ड्युटी सुरू व्हायच्या आधी व्हरांड्यात रोज प्रार्थना व्हायची. नर्सबाया, कंपाउंडर, झाडूवाली मावशी, सगळ्यांची मान खाली. तुम्ही ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर, सगळ्यात मागे उभे, खाकी शर्टाची गळ्यापर्यंत बटणं लावलेले, मान सरळ आणि डोळे उघडे. कोणी तुम्हाला त्याबद्दल बोललं नाही आणि तुम्हीही एक दिवस चुकवला नाही. मी एकदा नाताळाच्या केकच्या आशेनं तुमच्यासोबत आलो होतो. सगळ्यांचं पाहून मीही हात जोडले, डोळे मिटले. घरी आल्यावर आई चुलीवर भाकर टाकून राहिली आहे, मी केकचा तुकडा फडक्यात बांधून तिच्यासाठी आणला आहे, आणि तुम्ही दारातच चप्पल काढता काढता म्हणता, "डोये काहून मिटले बे? आपल्या लोकाले डोये उघडायले किती पिढ्या गेल्या, मालूम हाय तुले?" तुम्ही मारलं नाही. केकही खाऊ दिला. पण ते वाक्य माझ्या अंगात राहिलं. मी पुढे कुठल्याच देवासमोर डोळे मिटले नाहीत. लग्नात नाही, तुम्ही गेलात तेव्हाही नाही.

तरी मी दर शनिवारी जात राहिलो. स्वतःची सायकल घेतली. गिअर कधी टाकायचा, उतारावर ढुंगण सीटच्या मागे कसं न्यायचं, हे शिकलो. ते प्रार्थना करत, मी समोरच्या तुरीच्या शेतांकडे बघत बसे. आपल्या वस्तीत लोक विचारायला लागले. बुद्धविहाराचं काम पाहणारे काका एकदा रस्त्यात थांबवून म्हणाले, "काहून रे, वंदनेले दिसत नाही तू. तिकडचा होऊन राह्यला का?" मी म्हणालो, "नाही हो काका, नुसती सायकल हाय." ते म्हणाले, "सायकल इकडं नाही चालत का?" मी पेडलवर पाय ठेवला आणि निघालो.

त्या गटात एक भाऊ आहेत, माझ्यापेक्षा सहासात वर्षांनी मोठे, लॅबमधून रिटायर झालेले. गप्पांत निघालं की त्यांचे वडील तुमच्याच दवाखान्यात कंपाउंडर होते. "अबे, तू ड्रायव्हरबाबूचा पोरगा?" असं म्हणून त्यांनी मला भर चढावर मिठी मारली, दोघंही पडता पडता वाचलो. तेव्हापासून ते मला जोडीला घेऊन चालवतात.

दिवाळीनंतर, कापसाची वेचणी चालू होती तेव्हा, उतरताना त्यांचं पुढचं चाक मुरमावरून घसरलं. ते खांद्यावर पडले. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, कातडीखाली वर आलेलं दिसत होतं. मोबाईलला रेंज नव्हती. पास्टर आणि बाकीचे खालच्या गावातून गाडी आणायला गेले आणि मी त्यांच्याजवळ थांबलो. पळसाच्या सावलीत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर. ओठ पांढरे पडलेले. मी त्यांना बोलतं ठेवायचा प्रयत्न करत होतो, तर तेच म्हणाले, "तुह्या बाबूजीची याद येऊन राह्यली."

"काहून?"

"माह्या बाबाले लकवा मारला होता न, तेव्हा तुह्ये बाबूजी रोज संध्याकाळी ड्युटी सोडून आमच्या घरी येत. बाबाच्या खाटेपाशी गुडघे टेकत अन् प्रार्थना करत. मोठ्यानं. मी दारातून पाहो."

मी म्हणालो, "आमचे बाबूजी? नाही हो, भाऊ. ते कोनासमोर वाकत नव्हते."

"मी पाह्यलं ना बापा," ते म्हणाले, आणि कळ आल्यानं त्यांनी माझं मनगट आवळलं. मग म्हणाले, "तू कर."

"काय करू?"

"प्रार्थना कर. लय दुखून राह्यलं."

मला येत नाही, असं मी म्हणालो. ते डोळे मिटून वाट बघत राहिले. त्यांच्या कपाळावर घाम होता, त्यावर धूळ चिकटली होती. मला त्यांच्या देवाशी कसं बोलायचं ते खरंच माहीत नाही. मला जे पाठ आहे ते तुम्ही पाठ करून घेतलेलं. मी त्रिशरण म्हटलं. पंचशील म्हटलं. मधे एक ओळ चुकली, ती पुन्हा म्हटली. माझे डोळे मिटले होते, हे मला संपल्यावर कळलं. आणि ते ख्रिस्ती गृहस्थ, मोडलेल्या हाडानिशी, अगदी समाधानानं म्हणाले, "आमेन."

पास्टर गाडी घेऊन आले तेव्हा भाऊंनी पहिली गोष्ट हीच सांगितली, की यानं माझ्यासाठी प्रार्थना केली. सगळ्यांनी माझा हात हातात घेतला. एकाचे डोळे भरले. काय म्हटलं होतं ते मी सांगितलं, तेव्हा पास्टर म्हणाले, "ब्रदर, याचं काय करायचं, मलेही मालूम नाही." मग हसले. त्यांनी मला चर्चमध्ये या म्हटलं नाही, आजवर कधीच म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मी नाही म्हणालो असतो आणि मोकळा झालो असतो.

भाऊंचं हाड जुळल्यावर मी त्यांना तुमच्याबद्दल पुन्हा विचारलं. ते गोंधळले. "मी असं म्हनलो? तुह्ये बाबूजीच असतील... का तो दुसरा, रात्रपाळीचा ड्रायव्हर होता? खाकी शर्ट आठवते मले." आर्णीला जाऊन आत्याला विचारलं. ती एकदम उसळली, "माहा भाऊ कायले गुडघे टेकीन?" मग वाटीतले शेंगदाणे सोलता सोलता म्हणाली, "पन त्या कंपाउंडरवर त्याचा लय जीव होता."

आता मी काय धरू? तुम्ही कंपाउंडरच्या घरी गेला असाल, आणि मित्राला बरं वाटावं म्हणून त्याच्या भाषेत बोलला असाल, तर मला दारात ते का सुनावलंत? आणि गेलाच नसाल, तर मी ज्या खाकी शर्टातल्या माणसाला गेले कित्येक दिवस गुडघ्यावर बसलेलं पाहतो आहे, तो कोण? कधी वाटतं, तुम्ही टेकले असावेत गुडघे. कधी त्या विचारानं तुमचाच राग येतो. आणि कधी वाटतं, दोन्ही खरं असेल, पण एकाच माणसात ते कसं बसतं हे मला समजत नाही. मी त्रिशरण म्हटलं ते कोणासाठी, आणि ऐकलं कोणी, हेही नाही समजत.

हे कुठे पाठवायचं नाही, त्यामुळे एक सांगून टाकतो. विहारातले काका विचारतात, आत्या विचारते, फोनवर बायको विचारते, तिथे असं काय आहे म्हणून. मी त्यांना तब्येतीचं सांगतो. खरं एवढंच आहे की घरात दिवसदिवस कोणाचा आवाज नसतो, आणि शनिवारी सकाळी खालून कोणीतरी ओरडतं, "दादा, उतरा लवकर!" मी त्याच्या आधी तासभर बूट घालून खुर्चीत बसलेला असतो.