रात्रीच्या बाजारातला माणूस

बर्मिंगहॅम, १४ नोव्हेंबर

चि. शाल्मलीस,

आशीर्वाद. नावामागे 'सौ.' मुद्दामच लिहिलं नाही. टाके निघाले का? एडिनबराला थंडी फार, तुझ्या मैत्रिणीकडून, इरावतीकडून कानटोपी मागून घे. मी ठीक आहे. डाव्या हाताने लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

तुझ्या नवऱ्याचं, म्हणजे आमच्या गंधारचं, रोज एकच पालुपद: "आई, पोलिसांना सांग, ती स्टूलवरून पडली. नाहीतर माझं रजिस्ट्रेशन जाईल." डॉक्टर ना तो. पडल्यावर जखमा कुठे होतात, तेही मला पढवून झालं.

काल एकटीच बसने चित्रांच्या गॅलरीत गेले. तू घरी ज्याची नक्कल करत होतीस, तो रात्रीचा बाजार मला बघायचा होता. दोनशे वर्षांपूर्वीचं चित्र, पण मासळी आत्ता टोपलीतून ओतल्यासारखी. कोळणीच्या तोंडावर कंदिलाचा पिवळा उजेड, मागे चर्चवर चांदणं. तू म्हणायचीस, त्या काळच्या चित्रकारांना या दोन उजेडांचं भारी वेड. कंदिलाखालचं सगळ्यांना दिसतं, चांदण्यातल्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

तुझ्या चित्रात त्या चांदण्यात एक माणूस बाईचे केस धरून उभा होता. मला वाटायचं, मूळ चित्रातच असेल. खूप शोधला. तिथे नुसती पिंपं आहेत गं.

म्हणजे तो तू काढलास, आणि गंधारने स्वतःला ओळखलं. "मला चव्हाट्यावर आणतेस?" म्हणत त्याने सुरीने कॅनव्हास फाडला, मग तुझा दंड. केस धरून तुझं डोकं सिंकवर आपटलं. मी मध्ये पडले तर माझं मनगट पिरगाळलं. हाड मोडल्याचा आवाज त्यालाही ऐकू आला, तरी सोडलं नाही. हे लिहायचं टाळत होते. पोटचा पोर आहे. त्याची चीड येते, आणि तरी त्याला गरम पोळी वाढते.

आज पोलीस स्टेशनला गेले. दुभाष्या बाईने विचारलं, तुम्ही त्याच्या कोण? आई म्हटलं, आणि सगळं सांगितलं. सुरी, सिंक, केस, माझा हात. संध्याकाळी पोलीस त्याला घेऊन गेले. त्याने मागे वळून बघितलं नाही.

कोर्टात मी रडताना दिसेन. ते रडणं त्याच्यासाठी असेल, तू मनाला लावून घेऊ नकोस. बोलेन ते तुझ्या बाजूने.

गंधारची आई,
अलका