त्या पेपरातलं उलटं चिन्ह

प्रिय शौनक,

तुला नोकरी लागल्याचं तुझ्या आईंकडून कळलं, मुलुंडच्या मार्केटात. "तुम्हा दोघांच्या त्या रिसर्च पेपरामुळेच गं," म्हणाल्या. 

त्याच पेपरात चूक आहे रे. मूळ समीकरणातली सममिती क्वांटम दुरुस्त्या धरल्या की मोडू शकते. पण आपल्या मॉडेलमध्ये ती मोडणारी दोन पदं एकमेकांना खोडतात, असं आपण छापलं. गेल्या आठवड्यात वर्गात शिकवताना दिसलं, एका पदाचं चिन्ह उलटं पडलंय. पदं खोडली जात नाहीत, त्यांची बेरीज होते. म्हणजे सममिती टिकतच नाही, आपला निष्कर्षच चुकलाय.

आधी वाटलं, तू मला सोडून गेलास म्हणून मलाच चूक हवीय. म्हणून पुन्हा तीनदा सोडवलं. एकदा उत्तर शून्य आलं, म्हणजे पेपर बरोबरच, तेव्हा बरं वाटलं की वाईट, तेच कळेना. नंतर त्यातही गफलत निघाली.

जर्नलला कळवायला तुझीही सही लागेल. तीन दिवस हे पत्र ड्राफ्टमध्येच पडलंय, कारण आपली जुनी वही उघडलीय मी. ती उलट्या चिन्हाची ओळ माझ्या अक्षरात आहे. शेजारी तू पेन्सिलीने विचारलंयस, "हे नक्की ना?" आणि खाली मी लिहिलंय, "हो रे बाबा, पुढे चल."

उत्तरा