खोली एकसमोरचं नाव

मंगळवार, दिवेलागण

आज माझ्या नातीने, मयूने, पुण्यात बसून आमच्या पर्यटकांच्या खोल्यांची वही उघडली. वही म्हणजे कॉम्प्युटरमधली, दोघींना एकाच वेळी दिसणारी. गेल्या आठवड्यात येऊन तिनेच ते सगळं बसवलं, पासवर्ड घातला. आतापर्यंत ती दर महिन्याला वही बघायला घरी यायची. आता कशाला येईल?

पडद्याकडे बघत बसले होते. खोली दोनसमोर एक नाव आपोआप उमटलं. घरात कोणी नाही, आणि पोर जणू शेजारी बसून लिहितेय. क्षणभर तिच्या केसांच्या तेलाचा वासही आला. वेडी कुठली मी! ती तेल लावते कुठे?

मग चवथीच्या, गणपतीच्या पाच दिवसांसाठी खोली एकसमोर मी एका बोटाने तिचं नाव लिहिलं. तिकडे उमटलं असणार, कारण लगेच फोन.

"आजये, ह्या काय केलंस? ती खोली पावण्यांची आसा!"

"मगे काढून टाक माजा लिवलेला, हिंमत आसा तर."

तिने फोन ठेवला.

रोज दिवा लावताना कॉम्प्युटर बंद करते, आज केला नाही. खोली एकसमोर बघतेय. नाव अजून आहे.